एक पूर्णांक सत्तावन्न

मानवतच्या पुढं, डाव्या हाताला, काळ्या रानात
बांधावर मी फॉर्म घेऊन बसले आहे.
चौदा रकाने, मोबाईलचं घड्याळ
आणि एक स्प्रिंगचा काटा, दोन किलोनं खोटा.
तेवढे मी वहीत आधीच वजा करून ठेवते.

सगळं एका मापात आणायचं, असं परभणीहून सांगितलंय.
डिझेल, वीज, युरिया, बैल, गडी, बाई.
सगळं मेगाज्यूलमध्ये.
मग आलेल्याला गेलेल्यानं भागायचं.
उत्तर जितकं मोठं, तितकं रान शहाणं.

लिंबाजीमामा सांगतात, मी लिहिते.
नांगरट ट्रॅक्टरची. लिटर कुणी मोजले?
तासावर पैसे दिले, विषय संपला.
वखराच्या पाळ्या तीन, जोडी मेव्हण्याची.
युरिया दोन गोण्या.
कोठ्यात जाऊन रिकाम्या मोजल्या तर पाच निघाल्या,
पाचवीत खुडूक कोंबडी बसलेली.
मामा म्हणाले, ती धरू नका, ती मागल्या सालची.
मी धरली नाही.

इथंच झाडाखाली बसून हिशेब केला:
युरियाची एक गोणी
म्हणजे वेचणाऱ्या बाईचे शंभर दिवस.
दोनदा केला. शंभरच.

विहिरीवर मात्र जमलं.
मोटर पाच एचपीची, दोनदा भरलेली,
वीज रात्री साडेबाराला,
अन् फुटव्हॉल्व्ह गळका. पाइप रोज रिकामा,
रोज अर्धा तास नुसतं पाणी पाजायचं तिला.
इरफान मिस्त्री कमरेला दोर लावून उतरला,
जुन्या ट्यूबचं वॉशर कापून बसवलं.
दोनशे लिटरचा ड्रम पंच्याहत्तर सेकंदांत भरायचा,
आता अठ्ठेचाळीस.
मामांनी मला तीनदा मोजायला लावलं,
चौथ्यांदा स्वतः मोजलं, ओठ हलवत.

दुपारी सोजरबाई ओटी रिकामी करायला आली.
"काय लिहायलात बाई?"
तुमची मेहनत, म्हटलं.
"आमचं किती धरलंय?"
तासाला एक पूर्णांक सत्तावन्न.
"अन् गड्याचं?"
एक पूर्णांक शहाण्णव.

ती काही बोलली नाही.
कापूस काट्याला लावला, बोटं पदराला पुसली.
बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या.
सकाळी मी तिला घड्याळ लावलं होतं:
मिनिटाला एकवीस बोंडं,
अन् मधेच लेकीला हाक, तीही न थांबता.
मग म्हणाली, "वेचणीला गडी कुठं असतो?
कागदाला म्हणावं, ओटी बांध अन् वाक एक तास."

मी सांगायला गेले, हे आकडे माझे नाहीत,
पुस्तकातले आहेत, सगळीकडं हेच वापरतात.
"मग पुस्तकवाल्यानं आमच्यातली
कोणती हाडं कमी मोजली?"

पुढचा रकाना पऱ्हाटीचा.
कागदावर किलोला अठरा,
कापसाला पावणेबारा.
हे तिला सांगितल्यावर मात्र ती हसली,
पदर तोंडात धरून, बराच वेळ.
"म्हणजे चुलीत घालतो तीच महाग!"
मामा गेल्या साली सगळी रानातच पेटवायचे.
यंदा कुटी करून मातीत घालू म्हणतात,
यंत्र भाड्यानं मिळालं तर.
सोजरबाई म्हणाली, दोन भारे आधी माझे.
दोन भारे, असं मी शेऱ्यात लिहिलं.
शेऱ्याला मेगाज्यूल नसतात.

उन्हं कलली तेव्हा पुन्हा आली.
"तुम्ही सकाळधरनं बसलात बांधावर,
तुमचं कोणत्या रकान्यात?"
मी फॉर्म वरखाली पाहिला.
म्हटलं, असता तर मीही एक सत्तावन्नच.
"बसून सुदीक?"
बसूनसुद्धा.

तिनं डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं सरकवली,
वर ठेचा, गोळीएवढा.
हे आत जाणारं की बाहेर येणारं, ठरेना.
बाभळीला काटा तसाच लटकत होता,
खाली काहीच नाही,
आणि दाखवत होता दोन किलो.